पर्याय क

दिवाळी अंकाच्या संपादकांचं पत्र आलं. 'आपल्या शिकवण्याच्या दिवसांतले काही गमतीदार अनुभव लिहून पाठवावेत,' असं त्यात होतं. पत्रात दोन चुका होत्या, एक ऱ्हस्व-दीर्घाची आणि दुसरी क्रियापदाची. मी चष्मा लावला, पेन्सिल घेतली, दोन्ही चुकांभोवती गोल केले आणि वर शुद्ध रूपं लिहिली. मग चहा ठेवायला गेले. चहा उकळेपर्यंत लक्षात आलं, की एका माणसाने आपली आठवण ठेवून पत्र लिहिलं याचा मला आनंद झाला की नाही, हे मी अजून पाहिलंच नव्हतं.

हा आजार घरातून आलेला आहे. आमचं घर मूळचं भिक्षुकीचं, वडील कचेरीत कारकून. घरी लग्नपत्रिका आली की वडील आधी ती तपासत आणि लग्नाला जायचं की नाही ते मागाहून ठरे. एका पत्रिकेत वराच्या नावात चूक होती, तर लग्नाच्या मांडवात जाऊन त्यांनी ती वराच्या वडिलांना दाखवली होती. मी त्यांचीच मुलगी. शहरातल्या स्पर्धा परीक्षांच्या एका क्लासमध्ये मी सव्वीस वर्षं मराठी व्याकरण शिकवलं. औरंगपुऱ्यात दुसऱ्या मजल्यावर आमचा क्लास, खाली झेरॉक्सचं दुकान. तलाठी, पोलीस भरती, लिपिक, आणि ज्यांची झेप मोठी ते अधिकारी व्हायची परीक्षा, अशा सगळ्यांना माझ्या हाताखालून जावं लागे, कारण भाषेचा पेपर कुणालाच चुकत नाही. वैजापूर, सिल्लोड, कन्नड, पैठण, सगळीकडची पोरं येत. माझा खास विषय म्हणजे वाक्यशुद्धी.

ज्यांनी या परीक्षा दिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. प्रश्न असा असतो: 'पुढीलपैकी शुद्ध वाक्य ओळखा.' खाली अ, ब, क, ड अशी चार वाक्यं. चारही एकाच अर्थाची, जवळजवळ सारखी. त्यातलं एक बरोबर, तीन चूक. उमेदवाराकडे एका प्रश्नाला मिनिटभरही वेळ नसतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, बरोबर वाक्य लिहिणं हे प्रश्न काढणाऱ्याचं खरं काम. तसं मुळीच नाही. बरोबर वाक्य कुठल्याही पुस्तकात मिळतं. चुकीची तीन मात्र बाहेर जाऊन आणावी लागतात. उगाच कुठलीही चूक घालून चालत नाही, कारण जी चूक कुणी करतच नाही तिला कोण फसणार? माणसं खरोखर जसं बोलतात तसंच ते वाक्य असावं लागतं. पोराच्या कानाला ते ओळखीचं वाटलं पाहिजे, बरं वाटलं पाहिजे, आणि त्याने तिथेच खूण करून मार्क घालवला पाहिजे. त्याला आम्ही 'चांगला चुकीचा पर्याय' म्हणायचो.

मी त्या कामात पटाईत होते. एसटी स्टँडवर, भाजीबाजारात, दवाखान्याच्या रांगेत माझी छोटी वही पर्समध्ये तयार असे. कुणी काही बोललं की टिपून घ्यायचं. आजूबाजूच्या बायकांना वाटे, ही बाई हिशेब लिहिते आहे. मी त्यांची वाक्यं लिहीत असे आणि पुढच्या आठवड्यात ती सराव परीक्षेत छापून येत, चुकीची म्हणून. हे सगळं मी अभिमानाने सांगत असे. एका कार्यक्रमात तर यावर टाळ्याही मिळाल्या होत्या.

छावणीतले एक निवृत्त सुभेदार आमच्या क्लासला येत. सैन्यातून सुटल्यावर दुसऱ्या नोकरीसाठी परीक्षा द्यायची होती. मिशा पिळदार, पहिल्या बाकावर ताठ बसत आणि चारही पर्याय मोठ्याने वाचत. एकदा त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "मॅडम, मला तर चारो सही वाटायलेत. मतलब समजतंय ना मानसाला? समजलं तर मग गलती कशाची?"

वर्गात हशा पिकला. मी म्हटलं, "सुभेदारसाहेब, बंदूक कुठूनही झाडली तरी आवाज येतोच. नेम लागला का ते बघायचं."

पोरांनी बाकं वाजवली. सुभेदारही हसले, म्हणाले, "वा, ये तो बराबर है." पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नव्हतं. तेव्हा मला उत्तर नको होतं, टाळी हवी होती.

दुसरा आठवतो तो शेंद्र्याच्या कारखान्यात काम करणारा एक मुलगा. कंपनीच्या बसमध्ये येता-जाता सराव प्रश्नपत्रिका सोडवायचा, रविवारी येऊन माझ्याकडून तपासून घ्यायचा. पाठांतर असं, की पान क्रमांक सांगितला तर त्या पानावरचे प्रश्न म्हणून दाखवायचा. तो पास झाला, एका कचेरीत लिपिक लागला. पेढे घेऊन आला तेव्हा पाया पडून म्हणाला, "मॅडम, तुमची शिकवण वाया नाय जाऊ दिली. काल एक म्हातारी अर्ज घेऊन आली व्हती. अर्जात सगळी अशुद्ध वाक्यं. मी सांगितलं, आज्जी, नीट लिहून आना. परत पाठवली तिला."

"कुठून आली होती ती?" मी विचारलं.

"असंल कुठली तरी खेड्याची," तो म्हणाला. मी पेढा खाल्ला. त्याची पाठ थोपटली. ती म्हातारी पुन्हा आली का, हे विचारायचं मला सुचलं नाही.

ही झाली किरकोळ प्रकरणं. संपादकांना हवे असलेले गमतीदार अनुभव यात बसतील तेवढे बसवले. आता जे लिहायला बसले ते लिहिते.

खेड्यातून आलेल्या पोरांची एक अडचण असते. व्याकरणाचे नियम त्यांना पाठ असतात, पण घाईत ती कानावर जातात, आणि कान त्यांना घरी नेतो. घरी जसं बोलतात तोच पर्याय बरोबर वाटतो. शहरातल्या, पुस्तकं असलेल्या घरातल्या पोरांचा कान त्यांना बरोबर उत्तराशी नेतो, कारण पेपर काढणारी माझ्यासारखीच माणसं असतात. यावर मी एक तोडगा काढला. पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहायची: 'जे कानाला बरं वाटेल ते आधी खोडा.' आणि प्रत्येकाला एक वही करायला लावायची. आठवडाभर घरात जे बोललं जातं त्यातली दहा वाक्यं डाव्या पानावर लिहायची, उजव्या पानावर ती दुरुस्त करायची. सोमवारी मी लाल पेनने तपासायची. पोरं तिला कानवही म्हणत. निकाल चांगले लागायचे. दुसऱ्या क्लासच्या लोकांनीही ही युक्ती उचलली.

सारिका कन्नडजवळच्या वस्तीवरून आली होती. घरची मेंढरं. वडील, खंडूभाऊ, वर्षातले कित्येक महिने कळप घेऊन रानोमाळ, आई ऊसतोडीच्या दिवसांत साखर कारखान्याच्या बाजूला मजुरीला. घरात कॉलेज शिकलेली ही पहिलीच. तिला मोठी परीक्षा द्यायची होती, अधिकारी व्हायचं होतं. पहिल्या दिवशी नाव विचारलं तर उभी राहून म्हणाली, "सारिका. पर मॅडम, मला आधीच सांगून ठिवते, मी लई बोलते. घरचे म्हनतेत, हिला परीक्षेत तोंड बांधून बशीवलं पाहिजे." अख्खा वर्ग हसला, तीही हसली. मला ती आवडली होती, हे इथे सरळ लिहिते.

तिची कानवही हे माझं सोमवारचं सुख होतं. बाकीच्या वह्यांत 'जेवायला वाढ', 'लाइट गेली' असली वाक्यं असायची. हिच्या वहीत वडिलांचं बोलणं असे. खंडूभाऊ आठवड्यातून दोनदा रानातून फोन करत आणि ती फोन कानाला लावून लिहून घेई. 'आभाळ लई येड्यावानी करायलंय, त्याच्या नादी लागू नको.' 'पाय दुखायलेत पर रस्ता काय माह्यासाठी आखूड व्हायला नाय.' 'कोकरू अंधारात आईला वळखतंय, आन् तू मला फोनवर वळखंना व्हय?' मी वाचत असे, स्वतःशी हसत असे आणि प्रत्येक वाक्यावर लाल रेघ ओढत असे. उजव्या पानावर सारिकाने लिहिलेलं असायचं: 'आकाश फार विचित्र दिसत आहे.' त्याला मी बरोबरची खूण द्यायची.

एका सोमवारी वहीत हे वाक्य होतं: 'येक मेंढरू हरपलं का समद्या कळपाचा आवाज बदलतोय, मानसाला मोजल्याबिगर कळत नाय.'

ते वाचून मी थांबले. घरी आल्यावरही ते डोक्यातून जाईना. मला ते वाक्य फार आवडलं होतं. कुठेतरी ठेवावं, कुणाला तरी दाखवावं असं वाटत होतं. कवी असते तर कवितेत घातलं असतं. माझ्याकडे आवडलेलं वाक्य ठेवायला जागा एकच होती. पुढच्या सराव परीक्षेत मी ते घातलं, चौतिसावा प्रश्न, पर्याय क. बरोबर उत्तर ब होतं: 'एक मेंढी हरवली, की सर्व कळपाचा आवाज बदलतो, माणसाला मोजल्याशिवाय ते कळत नाही.' क्लासच्या सराव प्रश्नांची पुस्तिका छापायची होती, तिच्यातही तो प्रश्न गेला. पुस्तिकेत शेवटी स्पष्टीकरणं असतात. तिथे मी लिहिलं: 'पर्याय क ग्रामीण व अशुद्ध.' पाच शब्द. लिहायला मला क्षणभरही लागला नाही.

सारिकाला मी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. वाक्य हे कुणाचं असतं, असं आमच्या धंद्यात कुणी मानत नाही.

सराव परीक्षेच्या दिवशी दीडशे पोरं खाली माना घालून लिहीत होती. चौतिसाव्या प्रश्नापाशी मागून कुणीतरी दबक्या आवाजात मेंढरासारखं ओरडलं. मग दुसरा ओरडला. हसणं मागून पुढे पसरत गेलं. मी टेबलावर डस्टर आपटलं, "शांत बसा," म्हटलं, पण मलाही हसू आलं होतं आणि ते पोरांना दिसलं. सारिका तिसऱ्या बाकावर होती. तिने मान वर केली नाही. नंतर तिची उत्तरपत्रिका मी तपासली. चौतिसाव्याला तिने ब वर खूण केली होती. भाषेत तिला त्या दिवशी वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले.

त्यानंतरच्या सोमवारी तिच्या वहीत पुस्तकातली वाक्यं होती. 'सूर्य पूर्वेस उगवतो' असली. मी म्हटलं, "अगं, घरची वाक्यं आणायची आहेत ना?"

"घरची वाक्ये संपली, मॅडम," ती म्हणाली.

वाक्यं नव्हे, वाक्ये. मी खूश झाले. मी तिला म्हटलं, "छान. म्हणजे तुझा कान घरातून सुटला." हे मी तिला म्हटलं, आणि तिच्या पाठीवर हातही ठेवला.

त्यानंतर ती वर्गात फारशी बोलली नाही. मला वाटलं, अभ्यासाला लागली. तिची पूर्व परीक्षा झाली, मुख्य झाली, दोन्ही उत्तम. मुलाखत आली. आमच्या क्लासमध्ये खऱ्या मुलाखतीआधी सरावाची मुलाखत घेत. तिघं जण बसलो होतो, मी एक. सुरुवातीला सोपं म्हणून मी विचारलं, "मेंढपाळ कुटुंबांच्या मुख्य अडचणी कोणत्या?"

ज्या मुलीने हे आयुष्य जगलं तिला हा प्रश्न. तिचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. माझ्या शेजारच्या सरांनी घड्याळ पाहिलं. त्यांना वाटलं, हिला येत नाही. मला मात्र कळलं ती काय करते आहे, कारण ते मीच शिकवलं होतं. तोंडात आलेलं पहिलं वाक्य ती खोडत होती. मग दुसरं जुळवत होती आणि तेही कानाला बरं वाटलं म्हणून खोडत होती. शेवटी म्हणाली, "चराऊ कुरणांची कमतरता ही एक प्रमुख समस्या आहे." आणि थांबली. यापुढे एक शब्द नाही.

खऱ्या मुलाखतीतही हेच झालं. त्या वर्षी ती राहिली. पुढच्या वर्षी पुन्हा लेखी पास झाली. मी तोवर निवृत्त झाले होते, घरी बसून दुसऱ्यांच्या लग्नपत्रिका तपासत होते. एक दिवस सकाळी फोन आला. पुस्तिकेवरचा माझा नंबर पाहून खंडूभाऊंनी केला होता.

"बाई, मी सारिकाचा बाप बोलतोय कन्नडहून. पोरगी मुलाखतीला जात नाय म्हनती. म्हनती म्हंजे काय, मान हालवती. घरात बोलतच नाय ती. मह्याशी बी नाय, तिच्या मायशी बी नाय. काय इचारलं का निस्ती बघत ऱ्हाती. देवर्षी झाला, दवाखाना झाला. डाक्टर म्हने, काई नाय, ठीक हाय. तुम्ही तिच्या बाई हात. तुमचं आयकंल ती. येता का येक डाव?"

तीन आठवड्यांनी मुलाखत होती. मी दुसऱ्याच दिवशी कन्नडची एसटी धरली.

खंडूभाऊ स्टँडवर उभे होते, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मला पाहताच बोलायला लागले ते थांबलेच नाहीत. आठवड्याचा बाजार होता, वस्तीवर जाणारी जीप गच्च भरलेली. त्यांनी ड्रायव्हरला दम दिला, "बाईला फुडं बशीव रे, तिच्या हाताखालून सायेब निघत्यात," एका म्हाताऱ्याची फिरकी घेतली, कुणाच्या तरी शेळीच्या पायाला काय लावायचं ते सांगितलं, आणि मधेमधे मागे वळून मला घाटाकडे बोट दाखवून कुठल्या साली कुठे वाघरू दिसलं त्याची हकिकत. सगळी जीप त्यांचं ऐकत होती. माझा हात सवयीने पर्समध्ये वहीकडे गेला. मी तो बाहेर काढला.

सारिका ओट्यावर ज्वारी निवडत होती. मला पाहून उठली, पाया पडली, पाणी आणलं. हसलीसुद्धा. तिची आई चुलीपाशी गेली. मी सारिकाला जवळ बसवलं आणि जे मला येत होतं ते सगळं केलं. समजूत घातली, रागावले, तिच्या मार्कांचं कौतुक केलं. ती नुसती ऐकत होती. शेवटी मी म्हटलं, "सारिका, चूक माझी झाली गं. तो कानाचा नियम मी सांगितला तो पेपरपुरता होता. तो पेपरमध्येच ठेवायचा होता, हे मी तुला सांगायला हवं होतं. आता मला फक्त एक सांग. तुला स्वतःला काय वाटतं? जायचं की नाही? जसं तोंडात येईल तसं सांग. कसंही."

ती विचार करू लागली. ओठ हलले. एकदा थांबले, पुन्हा हलले. मी वाट पाहिली. बऱ्याच वेळाने ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "पर्याय द्या ना, मॅडम."

ती चेष्टा करत नव्हती. तिचे डोळे भरून आले होते. मला रडायला आलं आणि मी तोंड फिरवलं.

खंडूभाऊंना वाटलं, काहीतरी बोलणं झालं म्हणजे बरं झालं. ते घाईने आत गेले आणि कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. ती आमच्या क्लासची पुस्तिका होती. कोपरे मळलेले, एका पानाला दोरा घालून खूण केलेली.

"बाई, तुम्हाला दाखवायचंच व्हतं," ते म्हणाले. "पोरीनं मला काय सांगितलं नाय. मी चौथी शिकलेला, अक्षर अक्षर लावून वाचतो. येक दिस बसल्या बसल्या चाळत व्हतो, तर माह्यंच बोलनं! हे बगा. येक मेंढरू हरपलं का समद्या कळपाचा... मी बोललो तसंच्या तसं. काना मातरा हालला नाय. बाजारात समद्यायला दाखवलं. म्हनलं, बगा रे, बाईनं मेंढक्याचं बोलनं पुस्तकात छापलं. तुमचे लई उपकार झाले, बाई."

त्यांनी ते पान माझ्यासमोर धरलं. चौतिसावा प्रश्न. पानावर जागोजागी बोटांचे डाग होते.

मला वाटलं, आता हे पुस्तक मिटतील आणि मी उठेन, घरी जाईन, आणि हा माणूस जन्मभर त्या पानाचा अभिमान बाळगेल. तेवढं तरी राहील. पण ते पुन्हा पानात वाकले.

"येक मला उमगलं नाय. हितं चार बोलनी हायत. चारी येकच सांगत्यात. मंग चार कशाला? वर लिवलंय, शुद्ध वाक्य वळखा. ह्या चारातलं बरूबर कोनतं हो, बाई?"

खोटं बोलायचं होतं. 'क' म्हणायचं, बस. एक अक्षर. या व्याकरणाचं मला पुढे काय करायचं होतं? मी तोंड उघडलं, आणि सव्वीस वर्षं चुकीच्या पर्यायावर कधी बरोबरची खूण न केलेल्या बाईच्या तोंडून ते अक्षर निघेना. मी सारिकाकडे पाहिलं. का पाहिलं ते सांगता येत नाही. वर्गात प्रश्न विचारून मी असंच तिच्याकडे पाहत असे, आणि तिला उत्तर येत असे.

"ब," सारिका म्हणाली.

न थांबता म्हणाली. ओठ आधी हलले नाहीत. खंडूभाऊंनी बोट 'ब' वर नेलं, तिथलं वाक्य अक्षर अक्षर लावून वाचलं. मग बोट खाली 'क' वर आणलं. तिथे ते बराच वेळ राहिलं.

"मंग हे?" त्यांनी विचारलं.

चुलीपाशी तिची आई भाकरी थापत होती, तेवढाच आवाज. खंडूभाऊंनी पुस्तिका मिटली, कापडात गुंडाळली, गाठ मारली, आणि गाठ नीट बसली का ते बोटाने पाहिलं.

जेवण झालं. मुलाखतीचा विषय मी पुन्हा काढला, सारिकाने मान हलवली. ती त्या वर्षी गेली नाही, त्यानंतरही नाही. हल्ली ती शेंद्र्याला एका कारखान्यात मालाची पाकिटं मोजते. तिथे फारसं बोलावं लागत नाही, असं तिच्याबरोबर काम करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने सांगितलं. मी तिला दोनदा भेटायला गेले. दोन्ही वेळा ती माझ्याशी शुद्ध बोलली.

पण मला त्या दिवसाची संध्याकाळ सांगायची आहे. खंडूभाऊ मला पोचवायला स्टँडपर्यंत आले. जीप तीच होती, ड्रायव्हर तोच. सकाळच्या गमतीची आठवण होऊन तो म्हणाला, "काय खंडूभाऊ, वाघराचं ऱ्हायलं की सांगायचं." खंडूभाऊंनी नुसती मान हलवली. सकाळचा शेळीवाला वाटेत भेटला, त्याने पायाला काय लावायचं ते पुन्हा विचारलं. त्यांनी रस्त्याकडेच्या पाल्याकडे बोट दाखवलं. सगळ्या वाटेत ते एकदाही बोलले नाहीत. मी काहीबाही बोलत राहिले, पाऊसपाणी, मेंढरांचा भाव. ते माझ्याकडे पाहत, आणि मी त्यांचे ओठ पाहत होते.

एसटी आली. गर्दी होती, बस थांबते न थांबते. त्यांनी ड्रायव्हरला हाक मारायला तोंड उघडलं. मग माझ्याकडे पाहिलं, तोंड मिटलं, आणि काठी उंच धरून गाडी थांबवली.